तीच ओळ दोनदा

नोकरीला लागून दीडेक वर्ष झालं असेल. आमच्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, मेमरी सांभाळणारा भाग साफसूफ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. नवख्या माणसाला अशी कामं देतात. वाचन भरपूर होतं आणि फारसं काही मोडत नाही, असा समज असतो. वाचता वाचता एका फंक्शनमध्ये मला एकाच मजकुराची आज्ञांची जोडी एकाखाली एक दोनदा दिसली. टीएलबी काय ते पुढे सांगतेच. टीएलबी रिकामा कर, झाल्याची खात्री होईपर्यंत थांब. टीएलबी रिकामा कर, झाल्याची खात्री होईपर्यंत थांब. वर-खाली कुठेही टिप्पणी नाही. कॉपी-पेस्ट करताना कुणाचा तरी हात घसरला असणार. मी दुसरी जोडी उडवली, कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या नोंदीत, ‘अनावश्यक पुनरावृत्ती काढली’ असं ऐटीत लिहिलं. रिव्ह्यू करणाऱ्यानेही लगेच होकार दिला. मी पुढच्या फायलीकडे वळले.

तीन आठवड्यांनी रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांत एक बोर्ड आडवा पडायला लागला. रोज नाही. दोन रात्रींतून एकदा, कधी तीन रात्रींतून. सकाळी येऊन लॉग बघावा तर दर वेळी वेगळाच प्रोग्रॅम मेलेला. एकदा मेलेल्या प्रोग्रॅमचा बफर मी छापून काढला आणि ओळीओळीने पेन्सिल फिरवत बसले. आकडे, आकडे, आकडे, आणि अचानक मध्येच दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोसेसच्या लॉगमधली वाक्यं. ही वाक्यं जिथून सुरू होत होती तो पत्ता ४०९६ ने नेमका भागला जात होता. पुढच्या वेळीही तसंच, त्याच्या पुढच्याही वेळी.

४०९६ बाइट म्हणजे मेमरीचं एक पान. घोळ बाइटचा नव्हता, अख्खं पानच भलत्याच्या हातात जात होतं.

हे जाणणाऱ्यांना हा परिच्छेद सोडता येईल. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटत असतं की सगळी मेमरी आपलीच आहे. तो वापरतो ते पत्ते काल्पनिक असतात. त्यांच्यामागे खरं पान कुठलं, हे पेज टेबल नावाच्या वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही कर्नल राखतो. पण मेमरीला दर वेळी हात लावताना वही उघडत बसलं तर प्रोसेसर रांगायलाच लागेल. म्हणून तो अलीकडे लागलेले पत्ते एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवतो. ही चिठ्ठी म्हणजे टीएलबी. आता कर्नलने वहीत खाडाखोड केली तरी खिशातली चिठ्ठी जुनीच राहते. त्यामुळे वही बदलली की कर्नलला सगळ्या कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांना, ओरडून सांगावं लागतं, चिठ्ठ्या फाडा. आणि सगळ्यांनी फाडल्याचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. उत्तर आलं की मगच ते पान दुसऱ्या कुणाला द्यायचं.

मी बायसेक्ट करायला घेतलं, म्हणजे चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमध उडी मारत गुन्हेगार कमिट हुडकायचं. एरवी हे दुपारभराचं काम. इथे प्रत्येक उडीला किमान तीन रात्री लागत होत्या, कारण बोर्ड पडला तर आवृत्ती वाईट हे नक्की, पण पडला नाही तर चांगली, असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. महिना गेला. शेवटी बोट माझ्याच कमिटवर आलं.

आमचे एक वरिष्ठ होते, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “सर, बायसेक्ट चुकलंय बहुतेक. या कमिटमध्ये काहीच नाहीये. एक गोष्ट दोनदा लिहिली होती, ती मी एकदा केली.”

त्यांनी खुर्ची वळवली. “अगं, ती दोनदाच लागते.”

मग त्यांनी एक पीडीएफ उघडून दिली. आमच्या प्रोसेसरची एराटा, म्हणजे बनवणाऱ्यानेच कबूल केलेल्या चुकांची यादी. मी ती तोवर उघडलीच नव्हती. बत्तिसाव्या की तेहेतिसाव्या पानावर आमची चूक होती. काही विशिष्ट परिस्थितीत एखादा कोअर चिठ्ठी फाडायच्या आधीच ‘फाडली’ म्हणून कळवतो. उपाय: आज्ञा दोनदा द्या. दुसऱ्यांदा सांगेपर्यंत पहिल्या वेळचं काम उरकलेलं असतं. सुधारणा: नियोजित नाही.

त्या ‘नियोजित नाही’पाशी मी बराच वेळ थांबले होते. सॉफ्टवेअरमधली चूक कितीही लाजिरवाणी असली तरी उद्या दुरुस्त होते. सिलिकॉनवर एकदा छापलेलं पुसता येत नाही. काही चुका मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या बदलता येणाऱ्या सूचनांनी, झाकता येतात, काहींसाठी चिपची पुढची आवृत्ती काढतात. पण ज्या चिप आधीच लोकांच्या यंत्रांत जाऊन बसल्या त्या तशाच राहतात, आणि त्यांच्याशी जुळवून घेणं कर्नलच्या वाट्याला येतं.

पुढे कळलं की हा प्रकार आमच्यापुरता नव्हता. आमची चिप वेगळी होती, पण आर्मच्या कॉर्टेक्स-ए७६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आणि क्वालकॉमच्या फाल्करमध्ये याच जातीच्या चुका नोंदलेल्या आहेत. लिनक्समध्ये दोघांना मिळून एकच सोय केली गेली आणि तिचं नावही सरळ आहे, रिपीट टीएलबीआय, म्हणजे टीएलबी रिकामा करायची आज्ञा पुन्हा द्या. निर्दोष प्रोसेसरवर त्या जागी ‘काही करू नकोस’ अशा दोन रिकाम्या आज्ञा असतात. यंत्र सुरू होताना कर्नल प्रोसेसर ओळखतो, आणि तो यादीतला निघाला तर स्वतःच्याच कोडमधल्या त्या रिकाम्या आज्ञा खोडून तिथे दुसऱ्यांदा सांगण्याच्या आज्ञा लिहितो. ज्याचं दुखणं त्यालाच औषध. आमच्याकडे असलं काही नव्हतं, टिप्पणीसुद्धा नव्हती. होती फक्त एकाखाली एक तीच जोडी.

त्या प्रकारानंतर मला खोडच लागली. कर्नलच्या मेमरीच्या कोडमध्ये काही विचित्र दिसलं, एखादी जागा उगाच रिकामी सोडलेली, एखादा बिट विनाकारण उलटा केलेला, की मी त्याच्या मागे लागते. बहुतेक वेळा तळाशी एखादी चिप सापडते.

रिकाम्या जागांचंच घ्या. एक्स८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर, प्रोग्रॅमला वापरता येणारी पत्त्यांची हद्द दोनाच्या सत्तेचाळिसाव्या घातापर्यंत जाते, म्हणजे १२८ टेबीबाइट. पण चार पायऱ्यांच्या पेज टेबलवर लिनक्स प्रोग्रॅमला ती पूर्ण देत नाही. सगळ्यात वरचं एक पान, अवघे ४०९६ बाइट, राखून ठेवतो. का? कर्नलला हाक मारायची ‘सिसकॉल’ ही आज्ञा दोन बाइटांची आहे. कुणी ती मुद्दाम हद्दीच्या अगदी शेवटच्या दोन बाइटांत ठेवली, तर परतीचा पत्ता हद्दीच्या एक पाऊल पलीकडे पडतो. अशा पत्त्यावर परतताना एएमडीचा प्रोसेसर आधी कर्नलचे अधिकार सोडतो आणि मग तक्रार करतो. इंटेलचा प्रोसेसर अधिकार हातात असतानाच तक्रार करतो, तेही स्टॅकचा, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा, पत्ता प्रोग्रॅमने दिलेलाच असताना. म्हणजे कर्नल परक्याने दाखवलेल्या जागेवर लिहायला लागतो. २०१२ मध्ये फ्रीबीएसडी आणि विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिम आणि आभासी यंत्रं चालवणारं झेन यांना हे एकाच वेळी निस्तरावं लागलं. इंटेलच्या मते ही चूक नव्हेच. त्यांच्या दस्तऐवजात तसंच लिहिलं आहे. दस्तऐवजात लिहिलं की चुकीचं रूपांतर वैशिष्ट्यात होतं, हा या धंद्यातला जुना न्याय. लिनक्सने वाद न घालता पान राखलं. २०१७ मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरवर हद्दीच्या अगदी टोकाशी कोड चालवला की यंत्र गोठतं असं दिसलं, तेव्हा फ्रीबीएसडीनेही टोकाच्या पानावर ठेवलेला आपला कोड एक पान खाली सरकवला.

दुसरी जागा मला त्याहून आवडते, कारण तिच्यात हुशारीचा आवही नाही. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत प्रोसेसरमध्येच बसवलेल्या ग्राफिक्सला मेमरीतले काही विशिष्ट पत्ते झेपत नाहीत. लिनक्समध्ये त्यासाठी पाच पत्त्यांची यादी आहे, सोळाच्या पायात लिहिलेली: २००५००००, २०११००००, २०१३००००, २०१३८०००, ४०००४०००. हे ग्राफिक्स दिसलं की कर्नल ती पाच पानं, आणि अगदी सुरुवातीची एक मेगाबाइट मेमरी, कुणालाही देत नाही. संपलं. हेच पाच का, त्या पत्त्यांत काय दडलंय, याचा तिथे शब्द नाही. नकाशावर पाच ठिपके काढून ‘इथे पाय ठेवू नका’ एवढंच लिहिलंय.

सगळ्यात देखणा उपाय मात्र १९९७ चा आहे. पेंटियममध्ये एक आज्ञा होती, मेमरीतले आठ बाइट ताडून बघायचे आणि जुळले तर बदलायचे. तिच्या आधी ‘लॉक’ लावला की तेवढ्या वेळापुरता मेमरीचा रस्ता इतरांसाठी बंद होतो. कुणी या आज्ञेला मेमरीच्या पत्त्याऐवजी रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच छोटा कप्पा, दिलं तर ते अर्थातच अवैध. प्रोसेसरने ‘अवैध आज्ञा’ अशी नोंद करून कर्नलकडे जायचं. पण तो जाताना रस्ता बंदच ठेवायचा, आणि कधीच न येणाऱ्या गोष्टीची वाट बघत गोठायचा. यंत्र बंद करून चालू करणं हाच इलाज. आज्ञेचे बाइट चार, एफ० ०एफ सी७ सी८, म्हणून तिचं नाव एफ-झिरो-झिरो-एफ. हे चार बाइट चालवायला कसलेही अधिकार लागत नव्हते. सामायिक यंत्रावरच्या कुणाही वापरकर्त्याला अख्खं यंत्र बसवता येत होतं.

आता यात कर्नल काय करणार? आज्ञा प्रोसेसरच्या पोटात चालते, कर्नलला विचारायला कुणी येत नाही. पण अपवाद घडला की पुढे कुठे जायचं, याचा तक्ता प्रोसेसर मेमरीतून वाचतो, आणि मेमरी कुठे कशी दिसेल हे कर्नलच्या हातात असतं. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीला आठ बाइट. शून्य क्रमांकापासून मोजलं तर अवैध आज्ञेची नोंद सहावी, चुकीच्या पानाची, म्हणजे पेज फॉल्टची, चौदावी. युक्ती अशी की तक्ता मुद्दाम दोन पानांच्या सीमेवर ठेवायचा. शून्य ते सहा या सात नोंदी, छप्पन्न बाइट, पहिल्या पानाच्या शेपटाला. सातवीपासून पुढे दुसऱ्या पानावर. आणि पहिलं पान बंद करून टाकायचं. बिघडलेली आज्ञा आली, प्रोसेसर सहाव्या नोंदीकडे धावला, तिथे पानच नाही. झाला पेज फॉल्ट. चौदावी नोंद दुसऱ्या पानावर शाबूत आहे, तिच्या मार्गाने तो गोठण्याआधीच कर्नलमध्ये येऊन पडतो. कर्नल बघतो, फॉल्ट कुठल्या पत्त्यावर झाला? त्यातून तक्त्याची सुरुवात वजा कर, आठाने भाग. उत्तर सहा आलं तर हा खरा पेज फॉल्ट नव्हे, ही ती अवैध आज्ञा. प्रोग्रॅमला काढून टाक.

खड्ड्यात पडणाऱ्याला आडवा पाय घालून अलीकडेच पाडायचं, असा हा प्रकार. दोषाला हातही न लावता त्याची वाट बदलली. लिनक्सने नंतर हे आणखी सोपं केलं आणि तक्त्याचं पान नुसतं ‘फक्त वाचनासाठी’ ठेवलं. एरवी प्रोसेसर तक्ता वाचायलाच येतो, ते चालतं. रस्ता बंद करून आलेली ही बिघडलेली फेरी मात्र लिहिण्याच्या तयारीने येते, आणि तिथेच पकडली जाते.

‘फक्त वाचनासाठी’ असलेलं पान कर्नललाही लिहू द्यायचं नाही, हा नियम इंटेलच्या त्याआधीच्या ३८६ प्रोसेसरमध्ये नव्हताच. तिथे कर्नल म्हणून चालणारा कोड कुठेही बेलाशक लिहू शकायचा, पान राखीव असलं तरी. यातून भलती पंचाईत व्हायची. फोर्क करताना, म्हणजे एका प्रोसेसमधून तिच्यासारखीच दुसरी काढताना, मूळ प्रोसेस आणि तिचं अपत्य यांची पानं सामायिक ठेवून ती वाचनापुरती राखतात. कुणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो आणि तेव्हा प्रत काढतात. पण अपत्याने फाइल वाचायला सांगितली आणि कर्नलने तो मजकूर त्याच्या बफरमध्ये उतरवला, तर ३८६ वर फॉल्टच होणार नाही आणि मूळ प्रोसेसची मेमरीही चुपचाप बदलेल. म्हणून प्रत्येक वेळी लिहिण्याआधी कर्नलला हाताने तपासावं लागे. जुन्या लिनक्सचं यंत्र सुरू होताना पडद्यावर या तपासणीची एक ओळ उमटायची: हा प्रोसेसर कर्नलच्या बाबतीतही लेखनबंदी पाळतो का, आणि पुढे ‘ओके’. १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात झाली ती ३८६ वरच. २०१२ च्या डिसेंबरात ३८६ चा आधार कर्नलमधून काढून टाकण्यात आला, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने जराही हळवेपणा दाखवला नाही. मी तो बदल वाचला आहे. उडवलेल्या ओळी बघून मला हेवा वाटला.

आता जरा कडवट गोष्ट. पेज टेबलातल्या प्रत्येक नोंदीचा सर्वांत खालचा बिट सांगतो की पान मेमरीत हजर आहे की नाही. तो शून्य केला की बाकीचे बिट कर्नलचे, प्रोसेसरने त्यांच्याकडे बघायचंही नाही, असा करार. कर्नल त्या मोकळ्या बिटांत पान डिस्कवर कुठे ठेवलंय ते लिहून ठेवतो. वर्षानुवर्षं हा करार इतका गृहीत धरलेला की त्याबद्दल कुणी बोलतही नसे. २०१६ मध्ये इंटेलच्या झिऑन फायचा नाइट्स लँडिंग हा प्रोसेसर पान गैरहजर झाल्यावरही मागून येऊन नोंदीत ‘वापरलं’ आणि ‘मळलं’ हे दोन बिट उमटवतो असं आढळलं. कर्नल पुसलेली नोंद बघायला जातो तर तिथे काहीतरी लिहिलेलं, आणि तो ते डिस्कचा पत्ता समजायचा. उपाय म्हणून डिस्कच्या पत्त्याचे बिट वर सरकवले आणि त्या दोन बिटांकडे कानाडोळा करायचं ठरलं. बत्तीस बिटांच्या नोंदीत सरकायला जागाच नव्हती, म्हणून तसा कर्नल त्या प्रोसेसरवर सुरू व्हायलाच नकार देतो.

दोन वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, तोच करार दुसऱ्या बाजूने मोडला. या दोषाचं नाव एलवनटीएफ. इंटेलचे अनेक प्रोसेसर ‘गैरहजर’ची पाटी लागलेल्या नोंदीतलाही पत्ता पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवण्याच्या भरात खरा मानत, आणि त्या पत्त्यावरचा मजकूर प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या साठ्यात, एलवन कॅशमध्ये, असेल तर त्याचा माग बाहेर काढता येत असे. म्हणजे कर्नलने डिस्कचा म्हणून लिहिलेला आकडा प्रोसेसर मेमरीचा म्हणून वाचत होता. तोड अशी काढली की गैरहजर नोंदीतले पत्त्याचे बिट उलटे करून ठेवायचे. उलटे केल्यावर ते इतक्या वरच्या पत्त्याकडे बोट दाखवतात की तिथे मेमरीच नसते. आधी बिट सरकवले, मग उलटे केले. तो कोड पहिल्यांदा वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का अशी शंका येईल. मलाही आली असती, दीड वर्षाच्या नोकरीत.

त्याच वर्षी जानेवारीत मेल्टडाउन हा प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारा दोष जाहीर झाला, त्यावर इतकं लिहून झालंय की मी लांबण लावत नाही. उपाय जड होता, प्रत्येक प्रोसेसला दोन वह्या. एक कर्नलची, सगळं असलेली. दुसरी प्रोग्रॅमची, जिच्यात कर्नल जवळजवळ नाहीच. मला त्यातला एकच बारकावा आवडतो. दोन्ही वह्यांची पहिली पानं मेमरीत शेजारी शेजारी ठेवलेली असतात, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जायला पत्त्यातला एकच बिट, बारावा, फिरवावा लागतो. पण वही बदलली की चिठ्ठी फाडणं आलं, आणि तेही कर्नलला मारलेल्या प्रत्येक हाकेला. ते टाळायला पीसीआयडी कामी आलं, म्हणजे चिठ्ठीवरच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या वहीतली हे लिहायची सोय. आणि २०२३ मध्ये काय व्हावं? इंटेलच्या अल्डर लेक पिढीत पीसीआयडी चालू असताना एखादं पान चिठ्ठीवरून खोडायची आज्ञा दिली तर सर्वांना सामायिक असलेल्या नोंदी खोडल्याच जात नाहीत, असं निघालं. लिनक्सने त्या प्रोसेसरवर पीसीआयडीच बंद केलं. पुढे मायक्रोकोडने ते दुरुस्त झालं. फाड म्हटलं आणि फाडली नाही. माझ्या त्या बोर्डाची चुलत बहीणच.

लिनक्सवर प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलीत ‘बग्ज’ नावाची एक ओळ असते. आपला प्रोसेसर कुठल्या कुठल्या दोषांसकट चाललाय ते तिथे वाचता येतं. नवं यंत्र हातात आलं की मी आधी ती ओळ बघते. ती रिकामी असली तरी मला बरं वाटत नाही. अजून कुणी नीट शोधलं नसेल असंच वाटतं.

आमच्या त्या फंक्शनमध्ये आता दुसरी जोडी परत जागेवर आहे. वर सात ओळींची टिप्पणी आहे, एराटाच्या क्रमांकासह. ती मीच लिहिली. ती चिप बनवणं केव्हाच बंद झालं, आणि मधूनमधून कुणीतरी विचारतं, आता काढायची का ती? हा प्रश्न माझ्याकडे येतो कारण तो बोर्ड माझ्या खणात आहे. दोष तपासायला दोष असलेली चिप लागते, आणि ती आता दुसऱ्या कुणाकडे नाही.

गेल्या वेळी कुणी विचारलं तेव्हा मी दुसरी जोडी काढलेला कर्नल चढवून बोर्ड लावून ठेवला. पहिली रात्र गेली, काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी गेली. रोज सकाळी मी लॉगमध्ये ४०९६ ने भागले जाणारे पत्ते शोधत होते. एकही नव्हता. तापमान वेगळं असेल, चाचण्या बदलल्यात, घड्याळाचा वेग कुणी कमी केला असेल. की चार रात्री पुरेशा नाहीत? पाचव्या दिवशी ती सिरियल केबल दुसऱ्या कामाला लागली, म्हणून मी बोर्ड उतरवला आणि विचारणाऱ्याला कळवलं की तूर्त राहू द्या.